व्याज, वहिवाट आणि न्यायासन

दोन वर्षांपूर्वी एक सहकारी रजेवर असल्यामुळे आठवीच्या वर्गावर गणिताचा तास मला घ्यावा लागला. मी कलाशाखेचा पदवीधर. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. सरळव्याजाचे एक साधे उदाहरण फळ्यावर मांडले : मुद्दल शंभर रुपये, दर दरसाल दरशेकडा बारा, मुदत वीस वर्षे, तर व्याज किती? दोनशे चाळीस, असे उत्तर वर्गाने तत्काळ दिले. मागच्या बाकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा मात्र उभा राहून म्हणाला, "सर, आमचे आजोबा म्हणतात, व्याज मुद्दलाएवढं झालं की थांबतं. दामदुप्पटीच्या पुढं सावकाराला मागता येत नाही." वर्ग हसला. मीही हसलो, आणि गणितात आजोबा नसतात असे काहीतरी बोलून त्याला खाली बसविले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना. गणिताच्या दृष्टीने त्या मुलाचे उत्तर चुकीचे होते. परंतु आमच्या बेळगावसह साऱ्या मुंबई इलाख्यातील न्यायालयांच्या इतिहासात ते फार मोठ्या काळपर्यंत बरोबर होते. वर्गाचे दोनशे चाळीस रुपये एखाद्या हिंदू ऋणकोवर कोणी मागितले असते, तर न्यायाधीशाने शंभरच देवविले असते.

तेव्हापासून ह्या विषयावर जे वाचले व टिपले, त्याचा काही भाग येथे मांडीत आहे. व्याज हे कराराने ठरते किंवा कायद्याने ठरते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः न्यायासनापुढे व्याजाला शिरण्याचा तिसराही एक दरवाजा आहे, आणि तो वहिवाटीचा. ह्या दरवाजाने व्याज आत येते, तसेच त्याच दरवाजावर ते अडविलेही जाते. कधी व्यापाऱ्यांचा प्रघात करारात नसलेले व्याज मिळवून देतो, तर कधी देशाची रूढी करारात असलेले व्याज तोडून टाकते. आपल्याकडील इतिहासात ह्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी घडल्या. आणि कोणाची वहिवाट न्यायालयाला ऐकू आली व कोणाची आली नाही, ह्यावर पुष्कळ घरांचे बरेवाईट ठरले.

धर्मशास्त्रकारांनी व्याजाला 'वृद्धि' म्हटले आहे, आणि तिचे नियम बारकाईने सांगितले आहेत. वसिष्ठाच्या नावाने सांगितला जाणारा आणि मनूने उल्लेखिलेला दर म्हणजे दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा हिस्सा, अर्थात दरसाल दरशेकडा पंधरा. तारण नसल्यास वर्णानुसार दरमहा दोन ते पाच टक्के. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सव्वा पण हा दर धर्म्य, पाच पण हा व्यवहारातला, अरण्यातून माल नेणाऱ्यास दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यास वीस. याज्ञवल्क्यानेही अरण्य व समुद्र ह्यांचे हेच आकडे दिले आहेत आणि पुढे उभयतांनी आपसांत ठरविलेली वृद्धी द्यावी असेही म्हटले आहे. हे वाचताना प्रथमतः वाटते की स्मृतिकार दर ठरवून देत आहेत. थोडे थांबून पाहिले म्हणजे ध्यानात येते की अरण्याचा आणि समुद्राचा दर कोणा ऋषीने आश्रमात बसून काढलेला नव्हे. मुद्दलच बुडण्याचे भय ज्या धंद्यात आहे, त्या धंद्यातील सावकारांनी चालविलेला तो दर आहे, आणि शास्त्राने तो नोंदून घेतला आहे. व्यापाऱ्यांचा प्रघात ग्रंथात शिरण्याचा हा फार जुना दाखला होय.

नारदाने तर ही गोष्ट उघडच सांगितली आहे. व्याजाचा सार्वत्रिक विधी सांगून झाल्यावर तो म्हणतो की, ज्या देशात ऋण दिले गेले त्या देशाचा आचार निराळा असू शकतो. कोठे दुप्पट, कोठे तिप्पट, कोठे चौपट, तर कोठे आठपटीपर्यंत वाढ चालते. स्नेहाने दिलेल्या उसन्या रकमेवर बोली नसता व्याज नाही, परंतु सहा महिने उलटून गेल्यावर तिच्यावरही ते चढू लागते, हेही त्याचेच म्हणणे. बोली नसताना व्याज केव्हापासून द्यावे हा प्रश्न आजच्या न्यायालयांपुढे रोज येतो. नारदाला तो पडला होता, एवढे येथे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

दर काहीही असो, एक मर्यादा मात्र ह्या शास्त्रात पक्की आहे. पैशाच्या कर्जावर एका वेळी घेतले जाणारे व्याज मुद्दलाच्या रकमेपलीकडे जाऊ नये. मुद्दल व व्याज मिळून दुप्पट झाले की वाढ थांबावी. ही मनूची मर्यादा. धान्य, वस्त्र, रस इत्यादिकांना निराळे आकडे आहेत. मराठीत हीच 'दामदुपट'. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. धनकोने दरवर्षी व्याज वसूल केले, तर वीस वर्षांत त्याच्या हाती मुद्दलाच्या कितीही पट रक्कम येऊ शकते. तिला दामदुपटीची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती थकविलेल्या व्याजाच्या एकदम मागणीला. सावकाराने वर्षानुवर्षे गप्प बसून, व्याजाचा डोंगर होऊ देऊन, एके दिवशी तो शेतकऱ्याच्या डोक्यावर ढकलावा, हे ह्या नियमाला मान्य नाही. वसिष्ठाच्या दराने व्याज मुद्दलाएवढे होण्यास ऐंशी महिने लागतात, एकोत्रा म्हणजे दरमहा दरशेकडा एक रुपया ह्या दराने शंभर महिने. तेवढ्यात सावकाराने मागावे, नाहीतर पुढचे विसरावे.

मराठी राज्यात ह्या गोष्टींचा निवाडा बहुतेक पंचांकडे असे. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल 1819 मध्ये लिहिला, त्यात पंचायतीचे आणि देण्याघेण्याच्या वसुलीचे वर्णन आहे. सावकाराचा मुख्य आधार तगादा : दारात माणूस बसविणे, खाऊ-पिऊ न देणे, उन्हात उभे करणे, इथपर्यंत त्याच्या पायऱ्या होत्या. सरकारने मध्ये पडून कर्ज वसूल करून दिले तर वसुलीचा चौथा हिस्सा, म्हणजे चौथाई, सरकार घेई. ही काही रामराज्याची चिन्हे नव्हेत, आणि जुन्या पंचायतीचे गुणगान करताना आपण हे विसरू नये. तथापि एक गोष्ट पंचांच्या बाजूने सांगितली पाहिजे. वहिवाट काय आहे हे पंचांना कोणी येऊन शाबीत करून दाखवावे लागत नसे. ते त्याच पेठेतले, त्याच गावातले. बियाण्याचे धान्य सुगीला सवाईने परत करावयाचे की दिढीने, कोणत्या मालाच्या पैशाला किती दिवस बिनव्याजी मुदत असते, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असे. ऋणकोची ऐपत पाहून हप्ते बांधून देणे हाही त्यांच्या निवाड्याचा भाग असे. वहिवाट हा त्यांच्यापुढे पुराव्याचा विषय नव्हता. ती त्यांच्या डोक्यातच होती.

इंग्रजी अंमलात हे बदलले. परंतु एकदम बदलले नाही, आणि मुंबई इलाख्यात तर विशेष सावधपणे बदलले. एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना 1827 साली जी कायद्यांची संहिता झाली, तिच्या चौथ्या रेग्युलेशनाच्या 26 व्या कलमात न्यायाधीशाने कशाच्या आधारे निवाडा करावा ह्याची पायरी घालून दिलेली आहे. प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे. ते नसतील तेथे ज्या देशात दावा उत्पन्न झाला त्या देशाची वहिवाट. तीही न दिसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा. आणि तोही नसेल तर न्याय, समता व सद्‌विवेकबुद्धी. देशाची वहिवाट ग्रंथाच्याही अगोदर ठेवलेली आहे, हे नजरेतून सुटू नये. दख्खनच्या जातिजातींतील रीतिरिवाज गोळा करण्याचे काम आर्थर स्टील ह्याच्याकडे ह्याच काळात दिले गेले होते, आणि त्याचा ग्रंथही त्याच 1827 सालचा. त्याच संहितेतल्या पाचव्या रेग्युलेशनाने मात्र व्याजाला बारा टक्क्यांची वरची मर्यादा घातली. मर्यादा कागदावर राहिली. सावकार शंभराचे खत लिहून घेऊन हातात नव्वदच ठेवी, आणि कापलेल्या रकमेला मनोती हे सभ्य नाव देई.

आता कलकत्त्याकडे वळले पाहिजे, कारण साऱ्या हिंदुस्थानासाठी व्याजाचा कायदा तेथे झाला. 1839 चा बत्तिसावा कायदा म्हणजे व्याजाचा कायदा. तो इंग्लंडातील 1833 च्या कायद्यावरून बेतलेला होता. इंग्लंडच्या जुन्या सामान्य कायद्यात थकलेल्या पैशावर व्याज मागण्याचा हक्कच नव्हता. करार असला किंवा हुंडीसारख्या कागदाला लागू असलेला व्यापाऱ्यांचा प्रघात असला, तरच ते मिळे. ही कठोरता अन्यायाची आहे असे 1893 साली लॉर्डांच्या सभेने दोन रेल्वे कंपन्यांच्या तंट्यात स्वतः म्हटले, आणि तरीही ती मोडण्यास ती धजली नाही. आपल्या 1839 च्या कायद्याने असे ठरविले की, ठराविक रक्कम लेखाप्रमाणे ठराविक वेळी देय असेल तर त्या वेळेपासून, आणि नसेल तर व्याज मागू अशी लेखी सूचना दिल्यापासून, न्यायालयाला चालू दराने व्याज देवविता येईल. शेवटी एक छोटे परंतुक जोडले : आजवर ज्या ज्या ठिकाणी कायद्याने व्याज देय आहे तेथे ते देय राहील. वहिवाटीचा तिसरा दरवाजा उघडा राहिला तो ह्या एका ओळीमुळे.

ह्या दरवाजातून आत येण्यासाठी वहिवाटीने किती वयाचे असावे? रूढी ही स्मरणातीत, एकसारखी आणि सर्वश्रुत असली पाहिजे असा इंग्रजी कायद्याचा आग्रह. पेठेतील प्रघात इतका म्हातारा क्वचितच असतो. 1859 साली कलकत्त्याकडून आलेल्या एका व्यापारी अपिलात, जगमोहन घोष विरुद्ध माणिकचंद ह्या खटल्यात, प्रिव्ही कौन्सिलने ह्या प्रश्नाचे फार शहाणपणाचे उत्तर दिले. देशाचा कायदा बनलेल्या रूढीला जी प्राचीनता व एकरूपता लागते ती व्यापारी प्रघाताला लागत नाही. तो अजून वाढीच्या अवस्थेत असला तरी चालेल. प्रत्येक खटल्यात त्याचा पुरावा द्यावा लागला तरी हरकत नाही. तो इतका माहितीचा व मान्य असावा की, उभय पक्षांनी न बोलता तो आपल्या करारात धरला असे समजणे वाजवी ठरावे. मराठीत आपण रूढी, रिवाज, शिरस्ता, प्रघात आणि वहिवाट हे शब्द एकमेकांच्या जागी सरसकट वापरतो. ह्या निवाड्यानंतर तरी रूढी आणि प्रघात ह्यांत भेद करावा, असे मला वाटते. रूढी समाजाला बांधते. प्रघात त्या धंद्यात उतरलेल्याला बांधतो, आणि तोही त्याने तो मनात धरूनच सौदा केला असे मानता येते म्हणून.

पेठेत असे प्रघात थोडे नव्हते. आडत्याच्या खात्यात जमेच्या व नावेच्या दोन्ही रकमांवर तारीखवार व्याज धरून शेवटी बाकी काढण्याची पद्धत, रोखीने दिल्यास वटाव आणि मुदत टळल्यास व्याज, मुदती हुंडी न स्वीकारली गेली तर परतीचा खर्च व व्याज कोणी सोसावे ह्याचे नियम, ही सारी व्यापाऱ्यांनी आपसांत चालविलेली व्यवस्था होती. 1881 चा परक्राम्य लेखांचा कायदा झाला तेव्हा देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक वहिवाटीला हात लावू नये असे त्याच्या पहिल्याच कलमात लिहावे लागले, ह्यावरून त्या व्यवस्थेचा जोर समजतो. त्याच कायद्याने ज्या लेखात व्याजाचा दर लिहिलेला नाही त्यावर सहा टक्के दर ठेवला. 1988 मध्ये तो अठरा टक्के झाला. 1930 च्या मालविक्रीच्या कायद्यात विकलेल्या मालाच्या किमतीवर व्याज देवविण्याचा अधिकार न्यायालयाला दिला गेला. पेठेतला प्रघात असा हळूहळू कलमांत विरघळत गेला, आणि ज्याचे कलम झाले त्याला पुढे साक्षीदार आणण्याची गरज उरली नाही.

दुसरीकडे, अडविणाऱ्या रूढीचे काय झाले? 1855 च्या अठ्ठाविसाव्या कायद्याने व्याजाच्या दरावरील साऱ्या मर्यादा उठविल्या. पक्षांनी जो दर ठरविला असेल तो न्यायालयाने द्यावा, असे झाले. इंग्लंडात त्या वेळी खुल्या व्यापाराचे वारे होते, आणि एक वर्षापूर्वी तेथेही असेच कायदे रद्द झाले होते. मग दामदुपटही गेली, असे सावकारांच्या वकिलांनी म्हणणे स्वाभाविक होते. मुंबईचे उच्च न्यायालय 1862 च्या ऑगस्टात स्थापन झाले, आणि 1863 सालीच हा प्रश्न धोंडू जगन्नाथ विरुद्ध नारायण रामचंद्र ह्या खटल्यात त्यापुढे आला. न्यायालयाने सांगितले की, रद्द झाले आहेत ते दराचे कायदे. दामदुपट दर ठरवीत नाही. एका वेळी किती वसूल करावे एवढेच ती सांगते. म्हणून ती जिवंत आहे. हा युक्तिवाद शब्दच्छल नव्हे. तो जुन्या नियमाच्या गाभ्याला धरून आहे. मद्रासेकडील न्यायालयांनी दामदुपट मानली नाही, कलकत्त्यात ती शहरापुरती राहिली. मुंबई इलाख्यात ती टिकली ह्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या 26 व्या कलमाला दिले पाहिजे.

टिकली खरी, पण न्यायालयाच्या हातात तिची कड हळूहळू कापली गेली. ऋणको हिंदू असेल तरच ती लागू. दावा दाखल झाला की ती थांबे, आणि दाव्यापासूनचे व्याज न्यायालयाच्या मर्जीवर जाई. गहाणात जमिनीच्या उत्पन्नाचा हिशेब द्यावयाचा असेल तर ती लागू नाही, असेही 1868 साली ठरले. ह्या प्रत्येक अपवादाला कारण होते. परंतु खरा घाव ह्या निवाड्यांनी घातला नाही. तो घातला मुदतीच्या कायद्याने, आणि घालणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती.

1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर दावा आणण्यास तीन वर्षांची मुदत ठेवली. हेतू चांगला होता. जुनी शिळी कर्जे उकरून काढली जाऊ नयेत. परिणाम असा झाला की, दर तीन वर्षांनी सावकार शेतकऱ्याकडून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि तुंबलेले व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून चढू लागले. हिशेब करून पाहा. शंभर रुपये, दरमहा दोन टक्के. तीन वर्षांत व्याज बहात्तर. नवे खत एकशे बहात्तराचे. आणखी तीन वर्षांनी दोनशे शहाण्णवच्या आसपास. नऊ वर्षे पुरी होतात तेव्हा पाचशे आठ रुपयांहून अधिक. आणि ह्या नऊ वर्षांत एकदाही, कोणत्याही एका खतावर, व्याज मुद्दलाएवढे झालेले नाही! प्रत्येक वेळी शंभराला बहात्तरच. दामदुपट कायद्यात शाबूत होती आणि तिला स्पर्श करण्याचा प्रसंगच येत नव्हता. शास्त्रानेही खत बदलण्याची मुभा दिली होती हे खरे. पण दर तीन वर्षांनी ते बदललेच पाहिजे असा धाक शास्त्रात नव्हता. तो सरकारी कायद्याने निर्माण केला.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जे घडले व नंतर अहमदनगर जिल्ह्यातही पसरले, त्याला आपण 'दख्खनचे दंगे' म्हणतो. त्यात एक गोष्ट चौकशी करणाऱ्या आयोगालाही विशेष वाटली. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जेथे खते मुकाट्याने हवाली झाली तेथे बहुधा मारझोड झाली नाही. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ह्याचे कारण शेतकऱ्यांचे अज्ञान असे कोठे कोठे सूचित केलेले आढळते. मला ते पटत नाही. आपले कर्ज रोख घेतलेल्या पैशात नसून त्या कागदात वाढले आहे, हे त्यांना चांगले कळले होते. मुन्सफापुढे खत ठेवले की खत बोले. शेतकऱ्याची वहिवाट त्याच्या तोंडात होती, आणि ती तेथे पुरावा ठरत नव्हती. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने एकट्या हिशेबाच्या वहीवरून कोणावर देणे बसविता येणार नाही असे म्हटले होते. पण वहीच्या जोडीला अंगठा उठविलेले खत असले म्हणजे काम भागे.

1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याकडे ह्या दृष्टीने पाहावे. त्याने नवे असे काय केले? न्यायाधीशाने शेवटच्या खतावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, मुद्दल आणि व्याज ह्यांची दोन निराळी खाती मांडावी, मध्यंतरी मुद्दलात चढविलेले व्याज सबळ कारणाविना मुद्दल धरू नये, आणि दर अवाजवी वाटल्यास वाजवी दर लावावा. पावत्या देणे व शेतकऱ्याचे लेख गावच्या निबंधकापुढे होणे ह्याचीही तरतूद केली. पंच जे काम चावडीवर बसून करीत, ते न्यायाधीशाने कायद्याच्या आज्ञेने करावे, असाच ह्याचा अर्थ होतो. पुढे 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने, कर्जावरील व्याजापोटी मुद्दलाहून अधिक रकमेचा हुकूमनामा कोणत्याही न्यायालयाने करू नये असे ठरविले; आणि हे ऋणकोच्या धर्माकडे न पाहता. हिंदूंची म्हणून जी रूढी होती ती अशा रीतीने सर्वांचा कायदा झाली. गहाणाच्या व्यवहारालाही दामदुपट लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये सांगितले.

व्याज देवविणाऱ्या प्रघाताची कसोटी मात्र दरम्यान कडक होत गेली होती. बंगाल-नागपूर रेल्वे विरुद्ध रतनजी रामजी ह्या खटल्यात एका कंत्राटदाराने कामाच्या थकलेल्या पैशावर दाव्यापूर्वीचे व्याज मागितले. प्रिव्ही कौन्सिलचा हा निवाडा 1938 च्या वृत्तांतांत छापलेला आहे. करार, कायदा, किंवा कायद्याचे बळ असलेला व्यापारी प्रघात, ह्या तिहींपैकी एक दाखवा. नाहीतर पैसे अडकून पडल्यामुळे झालेली नुकसानी म्हणून व्याज मिळणार नाही, असे तेथे ठरले. कंत्राटदाराला तिहींपैकी एकही दाखविता आले नाही. 'कायद्याचे बळ असलेला' ह्या तीन शब्दांत 1859 च्या निवाड्यातील औदार्य पुष्कळ आटले आहे, असे माझे मत आहे. वाढीच्या अवस्थेतला प्रघातही चालेल असे म्हणणारे न्यायासन आता त्याच्याकडून पूर्ण वाढ झाल्याचा दाखला मागू लागले. 1978 चा नवा व्याजाचा कायदा 1981 पासून लागू झाला, त्याने न्यायालयाला व्याज देवविण्याचे अधिकार पुष्कळ वाढविले. पण चौथ्या कलमात शब्द तेच राहिले : कायद्याचे बळ असलेली वहिवाट. आजही दुकानदाराने बिलाच्या तळाशी 'मुदतीनंतर चोवीस टक्के व्याज' अशी ओळ एकतर्फी छापली, तर तेवढ्यावरून करार किंवा प्रघात सिद्ध झाला असे न्यायालये सरसकट मानीत नाहीत. तसे दोन्हीकडच्या वह्यांतून, पूर्वी दिल्याघेतल्या व्याजाच्या नोंदींवरून, आणि त्याच पेठेतल्या इतर व्यापाऱ्यांच्या साक्षीने दाखवावे लागते.

एका धंद्याच्या प्रघाताला मात्र ह्या शतकात मोठी मान्यता मिळाली. तो धंदा बँकांचा. ठराविक मुदतीने व्याज मुद्दलात मिळवून पुढील व्याज त्या बेरजेवर आकारण्याची बँकांची पद्धत आहे. 18 ऑक्टोबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र ह्या खटल्यात ही पद्धत दीर्घकाळ रूढ व मान्य असल्याचे स्वीकारले, आणि असे मिळविलेले व्याज मुद्दलच होते असे ठरविले. दर तीन वर्षांनी खत बदलणाऱ्या सावकाराची आठवण येथे वाचकांना झाल्यावाचून राहणार नाही. भेद एवढाच, आणि तो लहान नव्हे, की बँकेच्या पद्धतीवर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे आणि ती उघड आहे. शिवाय शेतीच्या कर्जाची बाब न्यायालयाने निराळी धरली. शेतकऱ्याच्या हाती पैसा पीक निघाल्यावर येतो. म्हणून तिमाही व्याज मुद्दलात मिळविण्याचा व्यापारी कर्जाचा प्रघात त्याला लावू नये, फार तर वर्षाला एकदा मिळवावे. सुगीचे मान ओळखून हिशेब करण्याची ही गोष्ट सवाई-दिढीच्या काळातील पंचांना नवी वाटली नसती.

हे सारे वाचून झाल्यावर मी त्या मुलाच्या आजोबांना शाळेत बोलाविले. ते आले, आणि नातवाने काही खोडी केली असावी अशा समजुतीने प्रथम जरा अवघडूनच बसले. दामदुपटीचा विषय काढताच त्यांची कळी खुलली. 1863 चा निवाडा त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नियम मात्र त्यांनी मला चुकता सांगितला नाही, एका वेळी मागावयाच्या व्याजाची अट धरून. त्यांच्या वडिलांनी बैलजोडीसाठी कर्ज काढले होते. प्रकरण कोर्टात गेले नाही. चावडीवर तडजोड झाली, आणि तीत एक शेत गेले. "आमच्या वडिलांनी दामदुप्पट काढली होती, गुरुजी," ते म्हणाले, "पण सावकारानं विचारलं, मुद्दल किती ते दाखवा." शेवटचे खत त्यांनी अजून जपून ठेवले आहे, दुसऱ्या दिवशी आणून दाखविले. त्याच्या आधीची दोन खते नवे खत करताना सावकाराने परत घेऊन फाडली होती.